आंदणाच्या कापडाचं बिल

काळपट निळं, जाडसर सुती कापड. त्यावर बाणाच्या पिसांची पांढरी नक्षी, पण तिच्या कडा रेखीव नाहीत. ओल्या कागदावर शाई फुटावी तशा किंचित फुटलेल्या. पाठीवरचा आणि खांद्यावरचा निळा रंग उन्हानं उडून राखाडी झालेला. कोपराला ठिगळ, आणि ठिगळाची नक्षी वेगळीच. बाह्या मनगटाशी इतक्या अरुंद की पाचही बोटं जुळवून हात आत सारावा लागेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या जपानी बायका असे अंगरखे घालायच्या. त्यांतले मोजकेच टिकले आणि संग्रहालयांत काचेआड जाऊन बसले. बघणारा म्हणतो, "काय सुंदर काम आहे!" आणि पुढच्या काचेकडे सरकतो.

माझं भांडण या "काय सुंदर"शी आहे. काम सुंदर आहे, यात वाद नाही. पण परमुलखात राबायला गेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड आपण सवयीनं 'संस्कृती' या खात्यात जमा करून मोकळे होतो. ते 'येणं बाकी' या खात्यात लिहायला हवं होतं. या अंगरख्यापुरतं तरी हे हिशेब मांडून दाखवता येतं.

या कापडाला कसुरी म्हणतात. मेथीशी काही संबंध नाही. कसुरी ही आपल्या पोचमपल्लीची किंवा ओडिशाच्या इकतची जपानी बहीण. विणण्याआधीच सुताच्या लडी ठरावीक अंतरावर दोऱ्यानं घट्ट आवळायच्या आणि निळीच्या पिंपात बुडवायच्या. आवळलेली जागा पांढरी राहते. मग मागावर ती पांढरी बोटं एकापुढे एक जुळवत न्यायची, की नक्षी उमटते. जुळणी केसभर चुकते म्हणून कडा फुटतात. क्युशू बेटावरच्या कुरुमे गावात इनोउए देन नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीनं १८०० च्या सुमारास जुन्या कपड्यावरचे रंग उडालेले ठिपके पाहिले, कापड उसवून धागे तपासले आणि ही युक्ती काढली, असं तिकडे सांगतात. हिरोशिमाच्या पूर्वेकडची बिंगो कसुरीही अशीच नावाजलेली. शेतकऱ्याच्या घरची मुलगी हातात धोटा धरूनच मोठी व्हायची. लग्न ठरलं की आई आणि मुलगी मिळून आंदणाचं कापड विणायला बसायच्या. रेशमी किमोनो एखादाच, तोही घराण्याची मुद्रा असलेला, समारंभासाठी. बाकी कसुरी. ती रोजच्या वापराची.

आणि नेमक्या याच मुलखातून, हिरोशिमा, यामागुची, फुकुओका, कुमामोतोमधून, माणसं हवाईला गेली. १८६८ मध्ये दीडशेएक जणांची पहिली तुकडी गेली, पण तिचे हाल ऐकून जपान सरकारनं पुढची सतराएक वर्षं दार बंद ठेवलं. ८ फेब्रुवारी १८८५ ला 'सिटी ऑफ टोकियो' जहाज नऊशेच्या वर माणसं घेऊन होनोलुलूला लागलं, तेव्हापासून खरा ओघ सुरू झाला. १८९४ पर्यंत सरकारी करारावर सुमारे २९,००० माणसं गेली. घर सोडायचं कारण साधं होतं. नव्या सरकारनं शेतसारा रोकड्यात मागायला सुरुवात केली होती, १८८० च्या दशकात धान्याचे भाव पडले, आणि लहान शेतकऱ्याच्या हातून जमीन सुटत गेली. साऱ्यापायी सावकाराच्या दारात जाणं म्हणजे काय ते मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

करार काय होता? पुरुषाला महिना ९ डॉलर आणि जेवणाचे ६. बाईला ६ आणि जेवणाचे ४. महिन्याचे २६ दिवस, शेतात रोजचे १० तास. राहायला जागा, चुलीला सरपण, आजारी पडलं तर डॉक्टर. कपडा ज्याचा त्याचा.

या शेवटच्या तीन शब्दांत सगळा विषय आहे.

ऊस म्हणजे काय प्रकरण असतं हे ज्यानं फडात हात घातलाय त्यालाच कळतं. दुरून झुलताना गवतासारखा मऊ दिसतो. पण पात्याची कड करवतीसारखी असते आणि देठाशी बारीक कूस असते, ती कातडीत घुसली की दोन-दोन दिवस चावत राहते. हवाईत जपानी बायकांच्या वाट्याला बहुतेक करून दोन कामं यायची. एक खुरप्या-कुदळीनं तण काढण्याचं, आणि दुसरं 'होलेहोले'. हा स्थानिक हवाईयन शब्द, अर्थ उभ्या उसाचं वाळलेलं पाचट ओरबाडून काढणं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, आत वारा नाही, गांधीलमाश्या आणि गोमी मुबलक, आणि बाई दोन्ही हातांनी धारदार पाती ओढतेय. या कामाची गाणी झाली, 'होलेहोले बुशी' म्हणतात त्यांना. त्यांत जपानी आणि हवाईयन शब्द मिसळलेले आहेत, आणि जात्यावरच्या ओव्यांसारखीच त्यांतून मनातली गरळ बाहेर पडते.

आता तिचा पहाटेचा साज बघा. चारच्या सुमाराला मळ्याचा भोंगा व्हायचा. आधी पोटऱ्यांना घट्ट बांधायच्या पट्ट्या, क्याहान. मग कसुरीचा घोळदार परकर, त्यावर अरुंद बाह्यांचा अंगरखा. बाह्या मनगटाशी कितीही घट्ट असल्या तरी कूस आत शिरतेच, म्हणून त्यावर पंजापासून कोपरापर्यंत तेसाशी, म्हणजे कापडी हातमोज्याचाच एक प्रकार. कमरेला रुंद पट्टा, कारण दिवसभर वाकून कंबर धरते. चेहऱ्याला रुमाल, फक्त डोळे उघडे. वर गवताची टोपी. पायात जाड निळ्या कापडाची, अंगठा वेगळा असलेली ताबी. पावसाळी दिवस असेल तर तेल पाजलेल्या मांजरपाटाची 'कप्पा'. उकाड्यात एवढं सगळं चढवून दहा तास.

कारखान्यात कामगाराला हेल्मेट, बूट, हातमोजे द्यावे लागतात, त्याला आपण सुरक्षा साधनं म्हणतो. त्या मळ्यातली सुरक्षा साधनं कोणी पुरवली? हिरोशिमाजवळच्या एखाद्या खेड्यातल्या आईनं. मुलगी सुखानं नेसेल म्हणून तिनं महिनोन्‌महिने मागावर बसून जे विणलं, ते मुलीनं उसवून फडात घातलं. साखर कंपनीच्या ताळेबंदात ही ओळ कुठे दिसणार?

उसवलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. किमोनोत गोल कापणीच नसते. सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद आणि साडेअकरा-बारा मीटर लांब असा एक तागा. त्याच्या सरळ पट्ट्या पाडायच्या आणि जोडायच्या. त्यामुळे टाके काढले की बहुतेक अख्खा तागा परत हातात. धुण्यासाठीही किमोनो असा उसवायची पद्धत होती. नऊवारीची गोधडी करणाऱ्या आपल्या आज्यांना हे शास्त्र आवडलं असतं. आंदणाच्या एका किमोनोतून एक अंगरखा, तेसाशीची एक जोडी आणि क्याहानच्या पट्ट्या निघत. तो विरला की चांगला भाग काढून ठिगळ. ठिगळही विरलं की पोराचं दुपटं. तेही गेलं की कंदिलाची काच पुसायला.

हे कापड पेटीत घालून येणाऱ्या बायकांत पुढे पुढे 'फोटोवरच्या नवऱ्या' पुष्कळ होत्या. १९०७-०८ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात समझोता झाला. नवा मजूर यायचा नाही, पण आधीच आलेल्याची बायको येऊ शकते. मग मळ्यातल्या सड्या माणसानं गावी फोटो पाठवायचा, तिकडून मुलीचा फोटो यायचा, घराण्याच्या नोंदवहीत तिचं नाव चढलं की लग्न लागलं. १९२४ मध्ये अमेरिकेनं दार पुरतं लावेपर्यंत अशा वीसेक हजार बायका हवाईला आल्या, त्यांत ओकिनावाच्या आणि कोरियाच्याही होत्या. कित्येकांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवलेला, कुणी तर मित्राचाच. वेताच्या पेटीवर बसून, हातातला फोटो आणि समोरचा माणूस आळीपाळीनं न्याहाळणारी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, हे चित्र त्या धक्क्यावर नेहमीचं. त्या पेटीत तळाशी रेशमी किमोनो आणि वर कसुरीच्या घड्या. आठवड्याभरात वरच्या घड्या उसवायला घेतलेल्या असत. तळाचा किमोनो बहुधा पुन्हा निघायचा तो फोटो काढून गावी पाठवण्यासाठी, म्हणजे आईला कळावं की लेक सुखात आहे.

शेतातून आल्यावर दुसरी पाळी. हवाईची माती लोखंडाच्या अंशानं तांबडीलाल आहे, कपड्यात शिरली की निघत नाही. रॉकेलच्या डब्यात पाणी उकळायचं, कपडे शिजवायचे, दांडक्यानं बडवायचे, खळ घालायची, कोळशाच्या इस्त्रीनं कडक करायचे. आपल्या घरचेच नव्हेत, वस्तीतल्या सड्या पुरुषांचेही, महिन्याच्या ठरावावर. कितीतरी घरांत शेतमजुरीला या धुण्या-शिवण्याच्या पैशानंच हात दिला. तांदळाच्या नि पिठाच्या रिकाम्या गोण्या उसवून पोरांच्या चड्ड्या व्हायच्या. गोणीवरचं छापील नाव कितीही उकळलं तरी पूर्ण जायचं नाही आणि वाकलेल्या पोराच्या पार्श्वभागावर वाचता यायचं. हे किस्से आता नातवंडं हसून सांगतात. हसावंही. पण गोणी हेच कापडाचं दुकान का झालं, हा प्रश्न हसण्यात विरून जाऊ नये.

असा प्रश्न शंभर वर्षांनी मीच उकरून काढतोय असं नाही. तो त्या मजुरांनीच केला होता. १९०९ मध्ये ओआहू बेटावर हजारो जपानी मजूर संपावर गेले. त्यांना महिना १८ डॉलर मिळत आणि त्याच कामाला पोर्तुगीज किंवा पोर्तो रिकन मजुराला साडेबावीस. मळेवाल्यांचं लाडकं म्हणणं असं की जपानी माणूस थोडक्यात भागवतो, त्याची गरजच कमी. संपवाल्यांचं उत्तर: आता आम्ही सडे राहिलो नाही, बायकापोरं आहेत, संसार १८ डॉलरांत चालत नाही. 'थोडक्यात भागवतो' याचा अर्थ घरात कोणीतरी रात्री दिवा लावून उसवत, शिवत, धूत बसलेलं आहे. १९२० मध्ये जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी पुन्हा संप केला, तेव्हा पुरुषांचा रोज ७७ सेंटांवरून सव्वा डॉलर करा आणि बायकांचा ५८ वरून ९५ सेंट करा, या मागण्यांबरोबर बाळंतपणाच्या पगारी रजेचीही मागणी होती. १९२० साली, शेतमजूर बाईसाठी! संप मोडला. पण मागणीचा कागद राहिला.

मला हा विषय इतका का लागला, ते सांगतो. माझं गाव साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, गावाबाहेर कोप्या उभ्या राहायच्या. त्या बायकांच्या अंगावर एक कपडा हमखास असायचा: साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा जुना सदरा. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, डोक्याला फडकं, त्यावर चुंबळ. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटायची. बाई आणि अंगात शर्ट! पुढे कधीतरी हवाईतल्या बायकांचे जुने फोटो पाहिले आणि लख्खकन कळलं की हे तेच आहे. तीच पात, तीच कूस, तोच उपाय. तिकडे आईचं विणकाम, इकडे नवऱ्याचा विटका सदरा. मालकाचा खर्च दोन्हीकडे शून्य.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. हवाईत प्रत्येक मजुराला 'बांगो' असायचा, म्हणजे नंबर कोरलेला धातूचा बिल्ला, गळ्यात नाहीतर कमरेला अडकवलेला. हजेरी त्यावर, पगार त्यावर, मळ्याच्या दुकानातली उधारी त्यावर. मुकादमाला, त्याला तिकडे 'लुना' म्हणत, माणसाचं नाव ठाऊक नसलं तरी चालायचं. आपल्याकडे नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, आणि ती उचल हातात घेतो नवरा. कारखाना म्हणतो, हे आमचे कामगारच नव्हेत, आमचा करार मुकादमाशी. मग हातमोजे कोण देणार? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, सरकारनं समिती नेमली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, ही गोष्ट तेव्हा शहरातल्या लोकांना नवी होती. १९२० च्या त्या मागणीपत्रापासून इथपर्यंत शंभर वर्षं.

फरकही सांगायला हवा, नाहीतर तुलना स्वस्त होईल. जपानी बाई समुद्र ओलांडून गेली, तिची मुलं जन्मानं अमेरिकन नागरिक झाली, शाळेत गेली आणि पिढीभरात बहुतेक जण फडातून बाहेर पडली. आपली टोळी पावसाळ्याआधी परत गावी येते आणि दिवाळीनंतर पुन्हा त्याच फडात जाते. पोरांची शाळा मध्येच लोंबकळत राहते. त्या बाईचा अंगरखा काचेआड गेला, कारण तो पुन्हा घालायची वेळ तिच्या लेकीवर आली नाही. इथला सदरा अजून वापरात आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला खरंच टोचतो. तुम्ही सगळ्याचं बिल करता. त्या बायकांना नक्षीची हौस होती, ती कुठे गेली? होती ना. फडात जायच्या अंगरख्यालाही कुठली नक्षी पुढे यावी हे बघून पट्ट्या जोडलेल्या दिसतात. ठिगळ लावतानाही बाणाला बाण भिडवलेला असतो. परकराच्या घोळाच्या निऱ्या अशा घातलेल्या की चालताना नीट पडाव्यात. कुणाचं शिवण सुबक यावर वस्तीत बोललं जायचं. आपल्याकडेही सदऱ्याखाली साडी कोणत्या रंगाची नेसायची हे बाई ठरवतेच. हा अभिमान मी नाकारत नाही. पण हा अभिमान त्यांचा स्वतःचा आहे. तो दाखवून मालकाची देणी वळती करून घेता येत नाहीत. 'किती कष्टाळू, किती टापटीप, किती काटकसरी', जपानी स्थलांतरितांचं हे कौतुक अमेरिकेत आजही चालतं, आणि ज्याला हे कौतुक मिळतं त्याचीच मजुरी कमी ठेवायला ते कौतुक कसं उपयोगी पडलं, ते १९०९ मध्ये दिसलंच.

कापडावरून माणूस ओळखायची आणि तोलायची खोड काही मळेवाल्यांपुरती नव्हती. मुख्य भूमीवर, सिअ‍ॅटल-सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेल्या फोटोवरच्या नवरीला नवरा कित्येकदा बंदरातून थेट कपड्यांच्या दुकानात न्यायचा: किमोनो काढ, कॉर्सेट घाल, टोपी घाल, लोक बघतात. म्हणजे वेश बदलला की आपलं म्हणतील, ही आशा. ताकाओ ओझावा नावाच्या गृहस्थांनी ही आशा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. कॅलिफोर्नियात शिकलेले, होनोलुलूत स्थायिक झालेले, घरात इंग्रजी बोलणारे, मुलांना अमेरिकन शाळेत आणि चर्चमध्ये पाठवणारे. याहून अधिक मिसळायचं ते काय? नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की ते 'गोरे' नाहीत, सबब नागरिकत्व नाही. पहिल्या पिढीच्या जपान्यांना ते मिळायला १९५२ उजाडावं लागलं.

आणि मग ७ डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा बेटांवर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक जपानी वंशाचे होते. लष्करी कायदा लागला आणि वस्त्यावस्त्यांत रात्रीतून जपानी पुस्तकं, पत्रं, सम्राटाचे फोटो, झेंडे जाळले गेले, परसात पुरले गेले. किमोनोही. पेटीच्या तळाशी तीस वर्षं जपलेलं रेशीम पुराव्यासारखं वाटायला लागलं. मुख्य भूमीवर तर सुमारे १,२०,००० लोकांना हातात मावेल तेवढंच सामान घेऊन छावण्यांत जावं लागलं. कसुरीच्या कामाच्या अंगरख्यावर कुणी संशय घेतला असेल असं वाटत नाही. त्यांच्या तोवर चिंध्या झाल्या होत्या. राबतानाचा वेश कधीच कुणाला परका वाटत नाही. माणूस फडाबाहेर येऊन चांगले कपडे घालतो तेव्हा लोकांना तो 'बाहेरचा' दिसायला लागतो. मुंबईत इमारतीच्या कामावर घमेल्यांखाली वाकलेल्या परप्रांतीयाकडे आपण बघतही नाही, आणि तोच सणाला नटून समुद्रावर आला की संपादकीयं लिहितो.

त्याच हवाईनं जगाला दिलेला प्रसिद्ध कपडा मात्र वेगळा. जून १९३५ मध्ये होनोलुलूच्या दैनिकात मुसा-शिया या जपानी शिंप्याच्या दुकानाची जाहिरात आली: अलोहा शर्ट, तयार किंवा मापानं, ९५ सेंटांपासून पुढे. जपानी छापील कापडाचे भडक सदरे. पर्यटकांनी ते उचलले आणि आज हवाई म्हटलं की तोच सदरा डोळ्यांपुढे येतो. ९५ सेंट. पंधरा वर्षांपूर्वी संपात बाईनं दिवसभराच्या राबण्याचे मागितलेले आणि न मिळालेलेही नेमके एवढेच. शिंप्याचा यात दोष नाही, त्यानं त्याचं पोट भरलं. पण बेटाच्या ओळखीचा कपडा म्हणून सुट्टीचा सदरा निवडला गेला, कामाचा नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

संग्रहालयांतही असंच होतं, आणि त्यामागे काही कट नसतो. वापरलेलं कापड मरतं, न वापरलेलं उरतं. रेशमी किमोनो उरतात, पैठण्या उरतात, सरदारांचे अंगरखे उरतात. दोनशे वर्षांनी कुणी आपल्या संग्रहालयांवरून महाराष्ट्राची कल्पना करू लागला तर त्याला वाटेल, इथली माणसं सदासर्वकाळ लग्नाला चालली होती. हवाईत हे थोडं तरी बदललं ते बार्बारा कावाकामी यांच्यामुळे. जपानात जन्मून तान्हेपणी ओआहूच्या मळ्यात आलेल्या, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या आणि पन्नाशी उलटल्यावर कॉलेजात गेलेल्या या बाईंनी म्हाताऱ्या झालेल्या मजूर बायकांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं टिपलं आणि ट्रंकांच्या तळातून, पोटमाळ्यांवरून कामाचे कपडे मिळवले. तो संग्रह आज लॉस एंजेलिसच्या जपानी-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या स्वतः शिवणाऱ्या होत्या म्हणून जमलं, असं मला वाटतं. इतिहासकार कपडा समोरून बघतो, शिवणारी तो उलटा करून बघते, आणि ठिगळ किती वेळा लागलं ते आतल्या बाजूलाच कळतं.

कोकणातून मॉरिशसच्या उसात गेलेल्या मराठी माणसांचं असं काय उरलंय? पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला, दगडी पायऱ्या जपल्या गेल्या. त्या पायऱ्या चढणाऱ्या रत्नागिरीकडच्या बाईच्या अंगावर काय होतं आणि ते तिला किती दिवस पुरलं? आणि मॉरिशस लांब राहिलं, गावाबाहेरच्या कोपीतलं तरी आपण काय ठेवतोय? माझं म्हणणं साधं आहे. राज्यातल्या एखाद्या संग्रहालयानं ऊसतोड बाईचा सदरा विकत घ्यावा, काचेत ठेवावा, आणि खालच्या पाटीवर 'ग्रामीण वेशभूषा' असं लिहू नये. कापड कुणी आणलं, ते किती हंगाम चाललं, त्या हंगामांत तिनं किती टन ऊस बांधून डोक्यावर वाहिला आणि हातमोज्यांचा खर्च कुणी केला, हे चार रकाने लिहावेत. चौथ्या रकान्यात काय येईल ते पाटी लिहिणाऱ्याला कळेलच.

गेल्या हंगामात मी स्वतःपुरतं हे करून बघितलं. ओळखीच्या एका टोळीतल्या मावशींकडे त्यांचा जुना सदरा मागितला. बदामी रंगाचा, उजव्या बाहीला कोपरापासून मनगटापर्यंत बारीक चिरा, दोन बटणं वेगळ्या रंगाची, छातीच्या खिशाला मिसरीचा डाग. त्या खिशात त्या वजनाची चिठ्ठीही ठेवत. मी म्हटलं, "जपून ठेवायचाय, मावशी. पैसे देतो."

त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग सदरा अंगातून न काढताच म्हणाल्या, "न्या की. पर आधी दुसरा आनून द्या, फुल बाह्यांचा. उद्या चारला फडात जायाचंय." मी निघालो तर मागून हाक आली, "खिशाचा बघून आना!"